आमची सेत्सुकोबाई

मंडळी, दर तीन महिन्यांनी आम्ही या पानावर एखादा जपानी सिनेमा सांगायला बसतो आणि आपण तो निमूटपणे ऐकून घेता. या खेपेला मात्र सिनेमा नाही, बाई. म्हणजे नटी. आमच्या सौ.ना विचाराल तर त्या म्हणतील, "यांची दुसरी सासुरवाडी कामाकुराला आहे." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. टोकियोत नोकरी करता करता आम्ही गेली वीस वर्षं सेत्सुको हारा या एका बाईंच्या सिनेमांमागे फिरतोय. आधी वॉर्डाच्या लायब्ररीतल्या व्हिडिओ कॅसेटी झाल्या, मग डीव्हीडी झाल्या, आणि जिंबोचोला जुन्या जपानी सिनेमांचं छोटं थिएटर २००७ साली निघाल्यापासून तर शनिवारची दळणं-भाज्या आमच्याकडून सुटल्याच. तिथे इंग्रजी अक्षरं पडद्यावर येत नाहीत. निम्मं समजतं, निम्मं बाईंच्या चेहऱ्यावरून लावून घ्यायचं.

आपल्याकडे मोठ्या नटीच्या नावापुढे 'बाई' लावल्याशिवाय आदर पोचत नाही. हंसाबाई, दुर्गाबाई, तशा आमच्या या सेत्सुकोबाई. जन्म १७ जून १९२०चा, योकोहामाचा. खरं नाव मासाए आइदा. बहिणीचे यजमान हिसातोरा कुमागाई हे सिनेमाचे दिग्दर्शक. त्यांच्या ओळखीने शाळा सोडून पंधराव्या वर्षी स्टुडिओत दाखल झाल्या. १९३५च्या पहिल्या सिनेमात पात्राचं नाव सेत्सुको होतं, तेच पुढे जन्माला चिकटलं. 'हारा' हे आडनाव ज्या अक्षराने लिहितात त्याचा अर्थ माळरान. म्हणजे आपल्या हिशेबाने या सेत्सुकोबाई माळकर. आमच्या घरात त्यांना याच नावाने ओळखतात.

आता मुद्द्याचं. बाईंच्या सिनेमांवर जिथे जिथे म्हणून लिहून आलंय तिथे एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे त्यांचं हसू. काय ते प्रसन्न हसू, काय तो सोशिकपणा, काय ती मर्यादा! जपानी वर्तमानपत्रांनी त्यांना 'चिरकुमारी' अशी पदवीच देऊन टाकली होती. आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. हे हसू आनंदाचं नाही आणि सोशिकपणाचं तर मुळीच नाही. पाहुणा दारात आला की आतल्या खोलीतला पसारा दिसू नये म्हणून आपण पटकन मधलं दार लोटून घेतो ना, तसं ते हसू आहे. बाईंचे सिनेमे बघायचे म्हणजे ते दार कधी लोटलं जातं आणि कधी चुकून उघडं राहतं, ते बघत बसायचं. बघा पटतंय का.

१९४९चा 'बान्शुन' घ्या. बान्शुन म्हणजे सरता वसंत. दिग्दर्शक यासुजिरो ओझू. गोष्ट कुठल्याही मराठी घरात घडावी अशी. कामाकुराला राहणारे विधुर प्रोफेसर आणि त्यांची सत्तावीस वर्षांची लेक नोरिको. लेक घर सांभाळते, वडिलांचे कपडे काढून ठेवते, चहा देते आणि लग्नाचं नाव काढू देत नाही. मग वडिलांची बहीण स्थळ घेऊन येते. इंग्रजी अक्षरांत तिला नुसतं आँट म्हणून सोडून देतात. आपण मराठी माणसांनी बघितलं की ती क्षणात कळते, कारण ती आत्या आहे, अस्सल आत्याबाई! मुलगा तोंडाकडून हॉलिवुडच्या गॅरी कूपरसारखा दिसतो म्हणून सांगते. देवळाच्या आवारात कुणाचं तरी पैशाचं पाकीट सापडतं, तर 'शकुन चांगला आहे' म्हणून ते खुशाल ओच्यात घालते. मुलाचं नाव कुमातारो, म्हणजे त्यात अस्वल आलं, तर त्याला हाक काय मारायची या चिंतेत ती पडते. ही आत्या रंगवली आहे हारुको सुगिमुरा यांनी. हे नाव लक्षात ठेवा, त्या पुन्हा येणार आहेत.

तर या सिनेमात वडिलांचे एक मित्र असतात, त्यांनी दुसरं लग्न केलेलं असतं. नोरिको त्यांना तोंडावर सांगते की काका, हे काही बरं नाही, ओंगळ वाटतं. आणि सांगताना ती हसते! तोंड भरून, अगदी लाडात येऊन. काकाही हसतात. पहिल्यांदा बघताना आपणही हसून पुढे जातो. पण वडील स्वतःच दुसरं लग्न करणार म्हटल्यावर ती ओंगळ हा शब्द किती मनापासून बोलली होती ते कळतं. बापलेक नो नाटकाला जातात. समोर रंगमंचावर संथ गाणं चाललेलं. वडील पलीकडे बसलेल्या एका विधवा बाईंना मान लववून नमस्कार करतात. नोरिको ते बघते. आधी वडिलांकडे, मग त्या बाईंकडे, पुन्हा वडिलांकडे. आणि हसू जातं. संवाद एक नाही. मान हळूहळू खाली जाते, एवढंच. सिनेमाच्या सुरुवातीपासून जे दार लोटलेलं होतं ते इथे सताड उघडं पडतं, आणि आत काय दिसतं? राग. साधा, सरळ, पोटातला राग. चिरकुमारी म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग कुठल्या डोळ्यांनी पाहिला कोण जाणे.

बापाचं ते दुसरं लग्न म्हणजे थाप असते हे पुढे कळतं. लेकीने सुखाने सासरी जावं म्हणून मारलेली. नवरा मुलगा सिनेमात शेवटपर्यंत दाखवलेलाच नाही, लग्नही नाही. नवरीच्या वेषात नोरिको वडिलांसमोर गुडघे टेकून बसते, इतकी वर्षं सांभाळलंत म्हणून आभार मानते. आपल्याकडच्या पाठवणीत अख्खा मांडव रडतो, इथे सगळे हसतायत, आणि बघणारा मात्र रडतोय. वडिलांचं काम करणारे चिशू र्‍यू तेव्हा जेमतेम पंचेचाळीस वर्षांचे. लेक एकोणतीस वर्षांची. पण कुठे खटकेल तर शपथ.

१९५१ साल बाईंचं म्हणायला हवं. एका वर्षात तीन मोठे सिनेमे, तीन वेगळ्या दिग्दर्शकांचे. मे महिन्यात कुरोसावांचा 'हाकुची', म्हणजे दोस्तोयेव्हस्कीची 'इडियट' कादंबरी होक्काइदोच्या बर्फात आणलेली. त्यात बाई काळी शाल पांघरून, डोळे वटारून, नोटांचं पुडकं आगीत फेकतात. कंपनीने या सिनेमाची इतकी कापाकापी केली की आज बघायला मिळतो तो जवळजवळ पावणेतीन तासांचा उरलेला भाग. आमच्या सौ.ना तो सिनेमा झेपला नाही. "ही नोरिको नव्हे," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. आम्हाला मात्र बाईंना एकदा तरी मनसोक्त भडकलेलं बघायचं होतं, ती हौस फिटली.

ऑक्टोबरात ओझूंचा 'बाकुशू' आला. इथेही नायिका नोरिकोच, पण वेगळी. ऑफिसात जाणारी, मैत्रिणींत खिदळणारी, अठ्ठावीस वर्षांची. घरात आईवडील, भाऊ, भावजय, भाचे, असं भरलेलं घर. साहेबाने एक श्रीमंत स्थळ आणलेलं. सगळं घर त्या स्थळाच्या मागे. आणि ही एका संध्याकाळी शेजारच्या बाईंकडे निरोप द्यायला जाते. त्या बाईंचा मुलगा विधुर, पदरात लहान मुलगी, त्याची बदली दूर आकिताला झालेली. बाई बोलता बोलता म्हणून जातात की तुझ्यासारखी सून मिळाली असती तर! आणि नोरिको शांतपणे म्हणते, चालेल मला. बाई आधी गडबडतात, मग रडतात, मग आनंदाच्या भरात विचारतात की आन्पान खाणार का? आन्पान म्हणजे गोड पुरण भरलेला पाव, आपल्या मुलांच्या मते पुरणपोळीचा जपानी मावसभाऊ. आयुष्याचा निर्णय झाला आणि त्यावर पाव! या शेजारीणबाई कोण? आमच्या हारुको सुगिमुराच. दोन वर्षांपूर्वी जिने स्थळ आणलं तीच आता स्वतःच्या मुलासाठी पदर पसरते.

घरचे सगळे नाराज होतात. नोरिको हसत राहते, पण आता हसण्याची जात निराळी. तिला कुणी ढकललेलं नाही, ती स्वतः चालत गेली आहे. आमच्या मंडळातल्या तरुण मुलींना दाखवायचा झाला तर आम्ही हा सिनेमा दाखवू. आई-वडिलांनाही दाखवू, पण त्यांना वेगळ्या खोलीत.

आणि नोव्हेंबरात मिकिओ नारुसे यांचा 'मेशी'. मेशी म्हणजे जेवण, अगदी आपल्या 'वाढ गं' मधलं जेवण. फुमिको हायाशी यांची कादंबरी, ती पुरी होण्याआधीच त्या त्याच वर्षी वारल्या. ओसाकाच्या एका गल्लीत राहणारं जोडपं. लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही. नवरा पेपरात डोकं घालून बसतो आणि भूक लागली म्हणतो. बायको तांदूळ धुते, उद्या पुन्हा धुते. इथे बाईंनी आपलं प्रसिद्ध हसू चक्क घरी ठेवलंय. खांदे पडलेले, केस विस्कटलेले, कमरेला फडकं. नवऱ्याची लाडिक पुतणी घरात येऊन राहते तेव्हा बाईंच्या कपाळावर जी आठी पडते ती आम्ही आमच्या घरात पाहिलेली आहे, पाहुणे कोण होते ते विचारू नका.

'मेशी' आम्ही आमच्या वॉर्डातल्या चार मराठी घरांत फिरवला. पुरुषमंडळींचं मत पडलं की संथ आहे. बायकांचं मत विचारायची गरज पडली नाही, कारण सिनेमा संपल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. इथे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर येऊन राहिलेल्या, पुण्याला-ठाण्याला बँकेत नाहीतर कॉलेजात नोकरी केलेल्या किती जणी आपल्यात आहेत! भाषा येईपर्यंत दोन वर्षं जातात, तोवर मूल होतं, मग त्याची शाळा. 'मेशी'मधली मिचियो शेवटी नवऱ्याबरोबर परत जाते, आणि त्याला सुख म्हणावं का, असा विचार तिच्या मनात चाललेला असतो. एक वहिनी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शेवट दुसऱ्या कुणीतरी लिहिला असणार. जिने तांदूळ धुतले तिने नाही." कादंबरी अपुरी राहिली होती हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं!

आता 'तोक्यो मोनोगातारी'. १९५३. हा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. २०१२ साली ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा तो पहिला आला. पण पहिला आला म्हणून नव्हे, तो आपला सिनेमा आहे म्हणून बघायचा. ओनोमिचीहून म्हातारे आई-वडील आगगाडीने टोकियोला मुलांकडे येतात. मोठा मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवणारी. दोघांनाही वेळ नाही. म्हाताऱ्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट, म्हातारे लवकर परत येतात तर मुलीच्या घरी त्या दिवशी बैठक! मधल्या मुलाची विधवा सून, नोरिको, तीच काय ती ऑफिसातून रजा काढून त्यांना हातो बसने टोकियो दाखवते. शेजारणीकडून साके उसनी आणून सासऱ्यांना देते. सासू एक रात्र तिच्या खोलीवर झोपते, मेलेल्या मुलाच्या अंथरुणावर.

आपल्याकडे राजाभाऊ परांजप्यांचा 'ऊन पाऊस' पुढच्याच वर्षी, १९५४ला आला. तोही म्हाताऱ्या मास्तरांचा आणि त्यांच्या बायकोचा, मुलांच्या दारी होणाऱ्या परवडीचा. पण तिथे मुलांचा राग येतो आणि मन मोकळं होतं. ओझू ती सोय ठेवत नाहीत.

आमचे आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर इथे आले होते तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर हा सिनेमा बघितला. सौ. म्हणाल्या होत्या, "नका दाखवू, कसनुसं वाटेल." पण आईनेच डीव्हीडीवरचा फोटो बघून हट्ट धरला. भाषेचा गंध नाही, इंग्रजी अक्षरं वाचायला चष्मा नाही. तरी सुरुवातीलाच म्हातारा हवेची उशी शोधतो, बायकोकडेच दिली होती म्हणून तिच्यावर ढकलतो आणि मग ती त्याच्याच सामानात निघते, तिथे आई बाबांकडे बघून जी हसायला लागली की बाबा उठून पाणी प्यायला गेले.

सिनेमा संपल्यावर आम्ही म्हटलं, काय ती सून! पोटच्या मुलांनी विचारलं नाही आणि सुनेने केलं. यावर आई म्हणाली, "अरे, तिला नवरा नाही, पोर नाही, म्हणून तिला वेळ आहे. त्या पार्लरवालीला कशाला नावं ठेवता? गिऱ्हाईक दारात उभं असताना आई-बाप आले म्हणून ती काय दुकान बंद करील? सूनबाई गेली आठ वर्षं एकटी आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही, आणि एक दिवस हिंडवून आणलं तर लगेच आदर्श."

आम्ही गप्प. सौ.ही गप्प, पण त्यांचं गप्प बसणं वेगळ्या प्रकारचं होतं.

ती पार्लरवाली शिगे म्हणजे पुन्हा हारुको सुगिमुरा! आल्यागेल्याला आई-वडिलांची ओळख 'गावाकडची ओळखीची माणसं' म्हणून करून देणारी, आईचा अंत्यविधी होताच तिचा किमोनो नि पट्टा मागून घेणारी. नोरिकोची ही नणंद. इंग्रजीत सिस्टर-इन-लॉ म्हटलं की सगळी जाऊ-नणंद-भावजय एका भांड्यात शिजते. मराठीत 'वन्सं' म्हणून बघा, दोघींतलं अंतर लगेच मोजता येतं.

आईचं बोलणं डोक्यात ठेवून आम्ही सिनेमा पुन्हा पाहिला, आणि शेवटचा प्रसंग नव्याने कळला. अंत्यविधी होऊन सगळे परत गेलेत. धाकटी नणंद क्योको भावंडांवर चिडलेली, तिची समजूत नोरिको काढते. मग सासरे तिला म्हणतात की तू फार चांगली आहेस, आता आमच्या मुलाला विसर आणि दुसरं लग्न कर. तेव्हा ती म्हणते की मी तशी नाही, मी 'झुरुई' आहे. इंग्रजी अक्षरांत याचं सेल्फिश करतात. आमची मुलगी इथल्याच पाळणाघरात आणि शाळेत वाढलेली. ती म्हणाली, "बाबा, सेल्फिश नाही. झुरुई म्हणजे खेळात जो रडीचा डाव खेळतो ना, रांगेत मध्येच घुसतो ना, तो." म्हणजे लबाड! इंग्रजीला जो शब्द सापडला नाही तो आपल्याकडे तयार आहे. मी लबाड आहे, बाबा. कित्येक दिवस मला त्यांची आठवणसुद्धा येत नाही. रात्री वाटतं, असंच चाललं तर माझं काय होणार. कशाची तरी वाट बघत असते मी. हे सांगताना बाई आधी हसतात, मग हसू टिकत नाही, मग दोन्ही हातांनी तोंड झाकतात.

आदर्श सून असा शिक्का कुणी मारायला आला की तो नाकारणारी ही सून आहे. तिने चांगुलपणा केला तो खरा, आणि आतून ती मोकळी व्हायला बघत होती तेही खरं. सासरे तिला सासूचं घड्याळ देतात आणि ती आगगाडीत ते हातात धरून बसते, तिथे तिच्या चेहऱ्यावर हसू नाही, रडूही नाही. दार पहिल्यांदाच नीट उघडं आहे.

या सिनेमातल्या आणखी एकाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओसाकाला रेल्वेत काम करणारा मुलगा केइझो. तार मिळते तेव्हा तो कामासाठी बाहेरगावी असतो, पोचेपर्यंत आई गेलेली. देवळात मंत्र चाललेत, लाकडावर टोक टोक टोके पडतायत आणि तो उठून बाहेर येऊन बसतो. त्याला वाटतं, प्रत्येक टोक्यागणिक आई लहान लहान होत चालली आहे. तेव्हा ओनोमिची-टोकियो म्हणजे रात्रभराचा प्रवास होता. आज शिनकान्सेनने चार-साडेचार तास. पण नारिताहून निघून नगरला नाहीतर सांगलीला पोचायचं तर अजूनही दीड दिवस धरावा लागतो, आणि २०२०-२१ला सीमा बंद होत्या तेव्हा आपल्यापैकी काहींना तर निघताच आलं नाही. त्यांनी शेवटचं बघितलं ते मोबाइलवर. त्या मंडळींना हा सिनेमा बघा असं आम्ही सांगणार नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

बाईंचं सगळंच आम्ही पोटात घालतो असं समजू नका. १९३७ साली, म्हणजे आपल्याकडे शांता आपटे 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्याच वर्षी, जर्मन दिग्दर्शक आर्नोल्ड फांक यांच्याबरोबर केलेला बाईंचा सिनेमा आला. शेवट मांचुरियात, जपान्यांनी बळकावलेल्या भूमीवर सुखी शेतकरी कुटुंब! सोळा वर्षांच्या बाई त्यासाठी हिटलरच्या जर्मनीला जाऊन आल्या. पुढे युद्धाच्या प्रचाराचे सिनेमेही केले. त्या वेळी कुणाला नाही म्हणता आलं असतं हा प्रश्न आहेच, पण ती रिळं अजून आहेत, आणि त्यातही बाई तशाच सुंदर दिसतात, हेच अवघड जातं. युद्ध संपल्याच्या पुढच्याच वर्षी कुरोसावांच्या 'वागा सेइशुन नि कुइनाशी'मध्ये त्याच बाई युद्धाला विरोध करून तुरुंगात मेलेल्या माणसाची बायको झाल्या. प्रोफेसरांची पियानो वाजवणारी मुलगी सासरच्या खेड्यात जाऊन चिखलात भात लावते, गावकरी 'हेराचं घर' म्हणून रोपं उपटून टाकतात, ही पुन्हा लावते. बरोबर कमरेत वाकलेली सासू. कोण असेल ओळखा! हो, सुगिमुराच.

'यामा नो ओतो' (१९५४) थोडक्यात सांगतो. कावाबातांची कादंबरी, नारुसेंचा सिनेमा, बाहेरख्याली नवरा आणि सुनेवर माया करणारा सासरा. गंमत म्हणजे सासऱ्याचं काम करणारे सो यामामुरा हे मुलाचं काम करणाऱ्या केन उएहारांपेक्षा काही महिन्यांनी लहान! शेवट शिंजुकू ग्योएनमध्ये आहे. आपण दर वसंतात जिथे चटया टाकून बटाटेवडे खातो त्याच बागेत सासरा सुनेला सांगतो की तू आता मोकळी आहेस. पुढच्या हनामीला जरा इकडेतिकडे बघा, झाडं अजून तशीच उंच आहेत.

१९६०ला ओझूंनी 'आकी बियोरी' काढला आणि 'बान्शुन'ची गोष्ट उलटी केली. आता बाई आई आहेत, विधवा, आणि लग्नाला तयार नसलेली लेक आहे योको त्सुकासा. अकरा वर्षांपूर्वी ज्या जागी लेक म्हणून उभ्या होत्या, त्या जागी समोर दुसरी मुलगी, आणि बाई बापाच्या जागेवर. चाळीस वर्षांच्या बाई. एकदा ती पहिली नोरिको बघितलेली असली की या सिनेमात प्रत्येक वाक्याला दोन आवाज ऐकू येतात. शेवटी लग्न होतं, आई फ्लॅटवर एकटी परत येते, अंथरूण घालते, बसते. आणि ओठांवर ते येतं.

दोन वर्षांनी, १९६२चा 'चुशिंगुरा' हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १२ डिसेंबर १९६३ला, आपल्या साठाव्या वाढदिवशी, ओझू गेले. त्यानंतर बाईंनी कॅमेऱ्यासमोर पाऊल ठेवलं नाही. सोहळा नाही, मुलाखत नाही, आठवणींचं पुस्तक नाही. वय त्रेचाळीस. कामाकुराला नातेवाइकांच्या आसऱ्याने अर्धं शतक राहिल्या. बंगालीत सुचित्रा सेन अशाच दार लावून बसल्या, आपल्या मास्टर विनायकांच्या नंदाही शेवटी कुणात मिसळत नसत. पण बावन्न वर्षं! ५ सप्टेंबर २०१५ला, पंचाण्णवाव्या वर्षी बाई गेल्या आणि जगाला ते कळलं २५ नोव्हेंबरला. तोवर अडीच महिने आम्ही आपले त्या जिवंत आहेत असं धरून कामाकुराच्या गल्ल्यांतून हिंडत होतो. ओझूंची समाधी किता-कामाकुरा स्टेशनला लागून एनगाकुजीत आहे, दगडावर एकच अक्षर, 'मु', म्हणजे काही नाही. लोक तिथे साकेच्या बाटल्या ठेवतात. बाईंच्या घराकडे मात्र आम्ही कधी वळलो नाही. ज्यांनी दार लावून घेतलंय त्यांच्या दारावर कशाला जायचं?

आमच्या मुलीला एप्रिलपासून फुकुओकाला नोकरी लागली. सामान बांधून झालं त्या रात्री तिनेच 'आकी बियोरी' लावायला सांगितला. शेवटच्या प्रसंगाला ती विचारते, "बाबा, ही हसतेय की रडतेय?" आम्ही रिमोट तिच्या हातात दिला. तिने तेवढा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. सौ. मध्येच उठून डब्यात चकल्या भरायला गेल्या.

तर मंडळी, ज्यांना बघायचे असतील त्यांनी 'बाकुशू'पासून सुरुवात करावी, मग 'बान्शुन', आणि 'तोक्यो मोनोगातारी' घरी कुणी मोठं माणूस आलेलं असताना. डीव्हीडी आमच्याकडे आहेत, मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ. 'मेशी' मात्र नाही. ती चार घरं फिरून अजून परत आलेली नाही, आणि कुणाकडे अडकली आहे ते एकही वहिनी सांगत नाहीत.